भीतीचे मत म्हणजे कोऱ्या कागदावरचा अंगठा

२०२४ च्या एप्रिल महिन्यातली गोष्ट. मराठवाड्यातल्या आमच्या वस्तीत बुद्धविहारासमोरच्या ओट्यावर आम्ही बायकांची बैठक घेत होतो. विषय होता बचत गटाचा. पण गटाचे कुणी बोलायलाच तयार नाही. शेवटी एक मावशी उठली आणि म्हणाली, "ताई, ते चारशे पार झाले तर बाबासाहेबांची घटना बदलणार म्हणतेत. मग माझ्या लेकराच्या स्कॉलरशिपचं कसं?" मावशीला लिहिता-वाचता येत नाही. मुलगा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. त्या घरातून कॉलेजचा उंबरा ओलांडणारा तो पहिला.

मी तिला म्हणाले, "म्हणूनच विचार करून मत दे." कुणाला द्यायचे तेही सांगितले. त्या पंधरा दिवसांत मी असे कितीतरी घरांत जाऊन सांगितले. त्याचा मला पश्चात्ताप नाही. पण नंतरच्या काही महिन्यांत जे झाले, त्याने एक प्रश्न डोक्यात घर करून बसला आहे. मावशीने मत दिले, तिची भीती मतपेटीत गेली. त्या बदल्यात तिच्या हातात काय आले?

हा प्रश्न एका निवडणुकीचा नाही. विरोधी पक्षाने भीतीच्या बळावर मते मागायची, आपण ती ओंजळ भरून द्यायची आणि निकालानंतर आपल्याच वस्तीत रिकाम्या हाताने उभे राहायचे, ही गोष्ट आपल्या इतिहासात पुन्हा पुन्हा घडली आहे. म्हणून हा लेख.

इशारा आणि भीती यांत फरक आहे

आधी एक गोष्ट स्पष्ट करते. २०२४ ची भीती कुणी हवेतून निर्माण केलेली नव्हती. भाजपचे कर्नाटकातील खासदार अनंतकुमार हेगडे यांनी २०१७ मध्ये केंद्रात मंत्री असताना संविधान बदलण्याची भाषा केली होती. मार्च २०२४ मध्ये त्यांनी पुन्हा तेच सांगितले आणि त्यासाठी चारशे जागा हव्यात असेही सांगितले. पक्षाने त्यांचे तिकीट कापले. पण मग फैजाबादचे उमेदवार लल्लू सिंह तसेच बोलले. तेव्हा ज्यांच्या मुलांचे शिक्षण, नोकरी आणि माणूस म्हणून उभे राहणे संविधानाला बांधलेले आहे, ते घाबरले, तर तो त्यांचा अडाणीपणा नव्हता. ती शहाण्या माणसाची सावधगिरी होती. शहरातल्या ज्या विद्वानांनी त्याला 'फेक नॅरेटिव्ह' म्हणून हिणवले, त्यांच्या घरातल्या कुणाचे शिक्षण शिष्यवृत्तीच्या हप्त्यावर अडलेले नव्हते.

पण धोका सांगण्याचे दोन मार्ग असतात. एक इशारा देण्याचा. इशारा देणारा पुरावा समोर ठेवतो, धोका कुठल्या वाटेने येतो ते दाखवतो आणि आपण काय करायचे तेही सांगतो. दुसरा मार्ग भीती घालण्याचा. भीती घालणारा फक्त एवढेच सांगतो, की आम्हाला मत द्या, नाहीतर संपलात. इशाऱ्याने माणूस जागा होतो, प्रश्न विचारतो. भीतीने त्याचे प्रश्न बंद होतात. सावकाराच्या दारात आजारी पोराला घेऊन उभा असलेला बाप कागदावर काय लिहिले आहे ते वाचत बसत नाही. तो अंगठा देतो. आपल्या आजोबा-पणजोबांच्या जमिनी अशाच गेल्या.

२५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी केलेले भाषण हा इशारा होता. राजकारणातली व्यक्तिपूजा, सनदशीर मार्ग सोडण्याचा मोह आणि सामाजिक लोकशाहीशिवायची पोकळ राजकीय लोकशाही, असे तीन धोके त्यांनी नेमके मांडले. राबवणारे लोक वाईट निघाले तर चांगले संविधानही वाईट ठरेल, हेही त्यांनी बजावले. त्या भाषणात कुठल्या पक्षासाठी मत मागितलेले नाही.

भीतीच्या छायेतही बाबासाहेबांनी लिहून घेतले

आपल्या इतिहासातला भीतीचा सर्वांत मोठा प्रसंग कोणता? माझ्या मते सप्टेंबर १९३२. गांधीजी येरवड्याच्या तुरुंगात उपोषणाला बसलेले. त्यांचे काही बरेवाईट झाले असते तर खेड्यापाड्यांतल्या अस्पृश्य वस्त्यांवर काय गुदरले असते, याची कल्पना बाबासाहेबांना होती. एवढ्या दडपणाखाली वाटाघाटी करण्याची वेळ फार थोड्या नेत्यांवर आली असेल.

पुणे करार हा आपला पराभव होता, हे बाबासाहेबांनी पुढे १९४५ च्या आपल्या काँग्रेस-गांधींवरील ग्रंथात सडेतोड मांडले. स्वतंत्र मतदारसंघ गेले, हे दुःख आजही संपलेले नाही. पण तो पराभव पत्करतानाही बाबासाहेबांनी काय केले ते पाहा. जातीय निवाड्यातल्या ७१ जागांच्या ठिकाणी प्रांतिक विधिमंडळांत १४८ राखीव जागा त्यांनी लिहून घेतल्या. सरकारी नोकऱ्यांत योग्य प्रतिनिधित्वाचे कलम आले. प्रत्येक प्रांताच्या शिक्षणाच्या रकमेतून अस्पृश्यांसाठी तरतूद राखण्याचे कलम आले. मानेवर सुरी असतानाही या माणसाने कोऱ्या कागदावर सही केली नाही. आज आपल्या मानेवर तेवढी सुरी नसताना आपण मात्र अंगठा देऊन मोकळे होतो.

१९३७ ची निवडणूक घ्या. ऑगस्ट १९३६ मध्ये स्थापन झालेला स्वतंत्र मजूर पक्ष, समोर देशभर लाट असलेली काँग्रेस. काँग्रेस आली तर तुमचे कसे होईल, असा नुसता बागुलबुवा उभा करणे बाबासाहेबांना अवघड नव्हते. त्यांनी जाहीरनामा दिला. त्यात शेतकऱ्यांचे कर्ज, कामगारांचे कायदे आणि तांत्रिक शिक्षण होते. पक्षाने मुंबई प्रांतात १७ उमेदवार उभे केले आणि १४ निवडून आले. मग विरोधी बाकांवर बसून त्या पक्षाने खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. जानेवारी १९३८ मध्ये कोकणातल्या शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत कौन्सिल हॉलवर नेला. त्याच वर्षी ७ नोव्हेंबरला औद्योगिक कलह विधेयकाविरुद्ध संप घडवला. खोतीचे विधेयक तेव्हा मंजूर झाले नाही. पण १९४९ मध्ये खोती नष्ट करणारा कायदा आला. कागदावर उतरलेली मागणी हरली तरी मरत नाही.

१९४६ च्या निवडणुकीत शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचा दारुण पराभव झाला. सत्तांतर दारात होते आणि आपला आवाज सभागृहात नव्हता. घाबरण्यासारखी याहून मोठी वेळ कोणती? त्या जुलैमध्ये फेडरेशनने पुण्यात विधिमंडळावर सत्याग्रह केला. मागणी काय होती? पुणे करार रद्द करा आणि स्वतंत्र भारतात अस्पृश्यांसाठी तुम्ही काय करणार आहात त्याचा आराखडा काँग्रेसने जाहीर करावा. आमचे काय करणार ते सांगा, लेखी सांगा. हरलेल्या पक्षाचे कार्यकर्ते यासाठी तुरुंगात गेले.

आणि १९५१ चा फेडरेशनचा जाहीरनामा तर प्रत्येक तरुणाने एकदा बसून वाचावा. त्यात शेती, उद्योग, पाणी, लोकसंख्या, परराष्ट्र धोरण सारे आहे. शिक्षणासाठी पैसा कुठून आणणार, याचेही उत्तर आहे. दारूबंदी उठवून अबकारी उत्पन्न वाचवा, मिठावरचा कर पुन्हा लावा, विमा व्यवसाय सरकारकडे घ्या. मिठावर कर लावू, असे निवडणुकीच्या तोंडावर सांगणारा विरोधी पक्ष आज कुणी दाखवावा! मतदाराला शहाणा नागरिक मानणाराच असे लिहू शकतो.

कुणी म्हणेल, "पण बाबासाहेब त्या निवडणुकीत हरले. कार्यक्रमाने मते मिळत नाहीत, हेच सिद्ध झाले ना?" हा प्रश्न टाळून चालणार नाही. उत्तर मुंबईत काँग्रेसचे नारायण काजरोळकर बाबासाहेबांपेक्षा सुमारे साडेचौदा हजार मतांनी पुढे राहिले. पण १९३७ आणि १९५२ मधला फरक जाहीरनाम्याचा नव्हता, मतदानाच्या पद्धतीचा होता. १९३७ मध्ये मुंबई प्रांतात मतदाराला आपली सगळी मते एकाच उमेदवाराला देता येत होती. आपल्या समाजाची अल्पसंख्य मते एकवटून आपला माणूस निवडून येऊ शकत होता. १९५२ च्या द्विसदस्य मतदारसंघात दोन मते दोन वेगळ्या उमेदवारांना द्यावी लागत. म्हणजे राखीव जागेवर कोण बसणार, हे बाकीचा समाज ठरवणार. पुणे कराराचा तोच घाव पुन्हा लागला. तेव्हा बाबासाहेबांच्या पराभवातून 'कार्यक्रम सोडा, भीती धरा' असा धडा काढणे चूक आहे.

१९७७ : जे लिहून घेतले तेच मिळाले

विरोधी पक्षांनी भीतीच्या मुद्द्यावर जिंकलेली सर्वांत मोठी निवडणूक १९७७ ची. ती भीतीही खरी होती. आणीबाणी लागली, विरोधक तुरुंगात गेले, वृत्तपत्रांवर सेन्सॉर बसला, उत्तर भारतात सक्तीच्या नसबंदीची गाडी गरिबांच्या वस्त्यांत शिरली. त्या गाडीला बंगल्यांचा रस्ता माहीत नव्हता. हे सारे संविधानातल्याच कलमांचा वापर करून झाले आणि ४२ व्या घटनादुरुस्तीने त्याला आणखी बळ दिले. फेब्रुवारी १९७७ मध्ये बाबू जगजीवनराम काँग्रेसमधून बाहेर पडले आणि देशभरातल्या दलित मतदारालाही दिशा मिळाली. काँग्रेस १५४ जागांवर आली.

आता पुढचे पाहा. जनता पक्षाच्या जाहीरनाम्यात आणीबाणीतल्या घटनादुरुस्त्या रद्द करण्याचे वचन होते. १९७८ मध्ये ४४ वी घटनादुरुस्ती झाली आणि आणीबाणी लादणे कठीण झाले. जाहीरनाम्यात मागासवर्गीयांना नोकऱ्यांत आरक्षणाचे वचन होते. त्यातून मंडल आयोग आला. म्हणजे जिथे लेखी वचन होते, तिथे काहीतरी हाती आले.

दलितांच्या सुरक्षेचे काय? नवे सरकार येऊन दोन महिने होतात न होतात, तोच २७ मे १९७७ रोजी बिहारमधल्या बेलछी गावात ११ जणांना मारून जाळण्यात आले. त्यात बहुतेक दलित होते. ज्या हुकूमशाहीच्या भीतीने आपण मत दिले ती गेली, पण गावातली हुकूमशाही होती तिथेच राहिली. मग विरोधात गेलेल्या इंदिरा गांधी हत्तीवर बसून बेलछीला पोहोचल्या आणि त्यांच्या पुनरागमनाची वाट तिथून सुरू झाली. तीच भीती, फक्त मत मागणारा बदलला.

आपल्या महाराष्ट्रात तर त्याहून जवळचे उदाहरण आहे. जुलै १९७८ मध्ये जनता पक्षाचा सहभाग असलेले पुलोदचे सरकार आले. २७ जुलैला दोन्ही सभागृहांनी मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव केला. त्यानंतर मराठवाड्यातल्या आपल्या वस्त्या पेटल्या. माणसे मारली, घरे जाळली, विहिरींत रॉकेल टाकले. आणीबाणीविरुद्ध लोकशाहीचे गोडवे गाणारे कितीतरी लोक त्या दिवसांत एकतर गप्प होते किंवा नामांतराच्या विरोधात उभे होते. ठराव अमलात आणण्याची हिंमत त्या सरकारला झाली नाही. नामविस्तार झाला १४ जानेवारी १९९४ रोजी, तोही सोळा वर्षे आपल्या लोकांनी मोर्चे काढून, मार खाऊन, जीव देऊन. माझ्या आईने लाँग मार्चच्या गोष्टी सांगितल्या त्या मी गोष्टी म्हणूनच ऐकल्या. मोठी झाल्यावर कळले, की ती तिची निवडणूक होती आणि तीच तिने जिंकली होती.

बिहार २०१५ : भीती जिंकली, मत विकले गेले

सप्टेंबर २०१५. सरसंघचालक मोहन भागवत यांनी आरक्षणाच्या फेरविचाराची भाषा केली. लालूप्रसाद यादवांनी ते वाक्य उचलले आणि गावोगाव नेले. महाआघाडीला २४३ पैकी १७८ जागा मिळाल्या, भाजप ५३ वर थांबला. आरक्षण वाचवायला लोक मतदानाला गेले होते. जुलै २०१७ मध्ये नितीशकुमारांनी राजीनामा दिला आणि भाजपबरोबर पुन्हा सरकार बनवले. ज्या पक्षाची भीती दाखवून मत घेतले, त्याच पक्षाच्या मांडीवर जाऊन बसले. मतदाराला विचारायची गरज वाटली नाही, कारण त्याच्याशी केलेला कुठला करारच नव्हता. होती फक्त भीती, आणि निकाल लागला त्या दिवशी तिचे काम संपले.

संविधान बदलले तेव्हा रखवालदार कुठे होते?

आता मला सर्वांत जास्त टोचणारी गोष्ट. आरक्षणाचा पाया सामाजिक मागासलेपण आहे. तो पाया हलवणारी दुरुस्ती जानेवारी २०१९ मध्ये झाली. १०३ वी घटनादुरुस्ती, आर्थिक निकषावर १० टक्के आरक्षण, आणि त्यातून अनुसूचित जाती, जमाती व ओबीसींमधल्या गरिबांना वगळलेले. लोकसभेत ८ जानेवारीला मतदान झाले. बाजूने ३२३, विरोधात ३. राज्यसभेत दुसऱ्या दिवशी बाजूने १६५, विरोधात ७. काँग्रेसने बाजूने मतदान केले. तेव्हा कुणाच्या हातात लाल मुखपृष्ठाची प्रत नव्हती आणि कुणी 'संविधान धोक्यात' म्हटले नाही.

हे मी काँग्रेसला झोडपायचे म्हणून सांगत नाही. संविधान एका रात्रीत चारशे खासदारांनी फाडून टाकण्याची वस्तू नाही, हे कळावे म्हणून सांगते. ते असे झिजते. कुठे एका दुरुस्तीने, कुठे कंत्राटी भरतीच्या शासन निर्णयाने, कुठे वर्षभर रखडलेल्या शिष्यवृत्तीने, कुठे अनुसूचित जातींचा निधी दुसरीकडे वळवून. भीतीच्या प्रचारात हे काहीच येत नाही. कारण ते सांगायचे तर स्वतःच्या सरकारांचाही हिशोब द्यावा लागतो.

जून ते डिसेंबर २०२४

२०२४ च्या लोकसभेत महाराष्ट्रात महाविकास आघाडीला ४८ पैकी ३० जागा मिळाल्या. भाजप २३ वरून ९ वर आला. अनुसूचित जातींसाठी राखीव असलेल्या पाचही जागा, म्हणजे अमरावती, रामटेक, शिर्डी, लातूर आणि सोलापूर, आघाडीकडे गेल्या. हे आपल्या मतांशिवाय झाले नाही. पण त्या मोहिमेत आपल्याला काय काय विचारू दिले नाही? आघाडीतल्या एका पक्षाने नामांतराला कडाडून विरोध केला होता आणि १९९७ च्या रमाबाई नगरच्या गोळीबारात दहा माणसे गेली तेव्हा त्याचे सरकार होते. खैरलांजी झाली २००६ मध्ये, तेव्हा सरकार दुसऱ्या दोन पक्षांचे होते. हे विचारणाऱ्याला एकच उत्तर मिळे : "आत्ता ही वेळ आहे का?" आणि स्वतंत्र लढणाऱ्या आंबेडकरी उमेदवाराला एकच शिवी : 'बी टीम'. वंचित बहुजन आघाडी २०१९ मध्ये सात टक्क्यांच्या आसपास होती, ती तीन टक्क्यांच्या खाली आली. मतविभाजनाची भीती ही भीतीच्या प्रचाराची दुसरी बाजू होती आणि ती थेट आपल्या स्वतंत्र राजकारणावर चालवली गेली. आपल्या पक्षांच्याही चुका होत्या. कार्यक्रमापेक्षा 'आरक्षण संपणार' हा सूर आपल्याही व्यासपीठांवरून लागतो, हे आपण मान्य केले पाहिजे.

एक गोष्ट प्रामाणिकपणे नोंदवते. काँग्रेसच्या २०२४ च्या जाहीरनाम्यात जातनिहाय जनगणना, ५० टक्क्यांची मर्यादा उठवणे आणि राखीव पदांचा अनुशेष भरणे ही वचने होती. कागद होता. पण आमच्या वस्तीत तो कागद कुणी आणला नाही, आणि खरे सांगायचे तर मीही नेला नाही. मी फक्त भीती नेली.

पाच महिन्यांनी विधानसभा आली. पुन्हा तीच लाल प्रत, पुन्हा तोच धोका. सत्ताधाऱ्यांनी त्यावर आपली भीती काढली, 'बटेंगे तो कटेंगे'. आणि भीतीच्या सोबत दरमहा १५०० रुपये बायकांच्या खात्यात टाकले. आघाडीने ३००० चे वचन दिले, पण एकाचे पैसे खात्यात होते आणि दुसऱ्याचे हवेत. २३ नोव्हेंबरला निकाल लागला. भाजप १३२, काँग्रेस १६. आमच्या मावशीने या वेळी कुणाला मत दिले, मी विचारले नाही. तीच म्हणाली, "ताई, सारखं सारखं किती भ्यायचं?"

मावशीच्या या वाक्यात जे आहे ते मला माझ्या पुस्तकांत मिळाले नव्हते. भीती हे नाशवंत भांडवल आहे. एकदा खर्च झाले की दुसऱ्या वेळी निम्मेही उरत नाही.

आणि मग डिसेंबर. १० तारखेला परभणीत बाबासाहेबांच्या पुतळ्यासमोरच्या संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. लोक रस्त्यावर आले. पोलिसांनी वस्त्यांत धरपकड केली. १५ डिसेंबरला कायद्याचे शिक्षण घेणाऱ्या एका तरुणाचा न्यायालयीन कोठडीत मृत्यू झाला. संविधान खरोखर रस्त्यावर फाटले तेव्हा त्याच्यासाठी लाठ्या कुणी खाल्ल्या? निवडणुकीत त्याचे नाव घेऊन जिंकलेले भेटायला आले, फोटो निघाले, निवेदने झाली. पण पुढचे महिने उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात ती लढाई चालवली ती त्या तरुणाच्या आईने, आणि तिच्या बाजूने उभे राहिले अॅड. प्रकाश आंबेडकर. जुलै २०२५ मध्ये पोलिसांवर गुन्हा नोंदवण्याचा आदेश झाला. हे काम ओरडण्याचे नव्हते, कागद जमवण्याचे आणि तारखा धरण्याचे होते.

"मग काय, चारशे पार होऊ द्यायचे होते का?"

हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. उत्तर आहे, नाही. मी पुन्हा तसेच मत देईन. धोका समोर असताना कमी धोक्याच्या बाजूला जाणे ही शरणागती नाही. बाबासाहेबांनीही वेळ पाहून समाजवाद्यांशी समझोता केला. फेडरेशन १९५७ मध्ये संयुक्त महाराष्ट्र समितीबरोबर लढला आणि दादासाहेब गायकवाड नाशिकमधून लोकसभेत गेले. प्रश्न मत देण्याचा नाही, ते काय घेऊन दिले याचा आहे.

दादासाहेबांचे उदाहरण आपण विसरतो. १९६४ मध्ये रिपब्लिकन पक्षाने पंतप्रधान लालबहादूर शास्त्रींना मागण्यांची सनद दिली आणि ६ डिसेंबरपासून देशभर भूमिहीनांचा सत्याग्रह केला. लाखो लोक तुरुंगात गेले. सनदेत काय होते? पडीक जमीन भूमिहीनांना, किमान वेतन, धान्याचे भाव, नोकऱ्यांतला अनुशेष, संसदेच्या सेंट्रल हॉलमध्ये बाबासाहेबांचे तैलचित्र, आणि बौद्धांना अनुसूचित जातींच्या सवलती. शेवटच्या दोन मागण्या १९९० मध्ये विश्वनाथ प्रताप सिंहांच्या सरकारने मान्य केल्या. सव्वीस वर्षे लागली. मागणी करणारे कितीतरी लोक तोवर गेले होते. पण कागद उरला होता. आज केंद्राच्या नोकरीसाठी आपली बौद्ध मुले जो दाखला काढतात, त्यामागे त्या सत्याग्रहींचा तुरुंगवास आहे.

अगदी अलीकडचेही पाहा. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्राने ४५ पदांसाठी थेट बाहेरून भरतीची जाहिरात काढली, आरक्षण न ठेवता. आक्षेप नेमका होता, पदे मोजता येत होती. तीन दिवसांत जाहिरात मागे घेतली. जातनिहाय जनगणनेची मागणी वर्षानुवर्षे लावून धरली, तर ३० एप्रिल २०२५ ला विरोधात असलेल्या सरकारलाच ती मान्य करावी लागली. नेमक्या मागणीत हे बळ असते. ती सत्ता कुणाची आहे याची वाट पाहत नाही.

पुढच्या वेळी उमेदवार वस्तीत आला की

मी आता आमच्या वस्तीत एक साधी गोष्ट सुरू केली आहे. एक पानी कागद. त्यावर चार ओळी. अनुसूचित जाती उपयोजनेचा निधी दुसरीकडे वळवता येणार नाही असा कायदा. शिष्यवृत्तीला ठरलेली तारीख आणि उशिराला जबाबदार अधिकारी. कायम स्वरूपाच्या कामावर कंत्राटी भरती बंद. गायरान कसणाऱ्यांच्या नावावर गायरान. उपयोजनेचा कायदा आंध्र प्रदेशाने आणि कर्नाटकाने २०१३ मध्ये केला. दोन्हीकडे तेव्हा काँग्रेसचे सरकार होते. म्हणजे तो होऊ शकतो, त्या पक्षाला जमतो. महाराष्ट्रात त्यासाठी आपण मताशी बांधून कधी मागितले?

जो कुणी येईल, सत्ताधारी, विरोधी किंवा आपला निळ्या झेंड्याचा, त्याने त्या कागदावर सही करायची. नाही करायची तर का नाही, हे वस्तीसमोर सांगायचे. सही करून कुणी हरला तरी कागद विहारात राहील. जिंकला तर दर सहा महिन्यांनी तोच कागद घेऊन त्याच्या दारात जायचे. हे फार मोठे काम नाही. पण उमेदवार त्या कागदाला घाबरतात, असा माझा अनुभव आहे. पहिल्यांदाच भीती त्या बाजूला गेलेली मी पाहिली.

परवा मावशी विहारात आली. तो कागद हातात धरून उलटसुलट करून पाहिला. म्हणाली, "वाचून दाखव." मी चारही ओळी वाचल्या. स्कॉलरशिपच्या ओळीवर तिने मला थांबवले आणि पुन्हा वाचायला लावली. मग विचारले, "ह्याच्यावर आपला अंगठा लागत नाही ना?"

म्हटले, "नाही मावशी. ह्याच्यावर त्यांची सही लागते."

जय भीम!